सांक्ट राडेगुंडचा शेतकरी

(दृश्य: एक जुना कृष्णधवल फोटो)

तीन मुली. धाकटी जेमतेम तीन वर्षांची. समोर एक पाटी: ‘प्रिय बाबा, लवकर ये.’ फ्रान्झिस्काने हा फोटो 1943 मध्ये तुरुंगातल्या नवऱ्याला पाठवला. त्याला डिवचायला नव्हे हं. पण त्याच्या काळजाचं काय झालं असेल!

नवरा म्हणजे फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, चर्चमधली झाडलोट नि घंटाही त्याच्याकडेच. तरुणपणी रगेल, गावात पहिली मोटारसायकल आणली ती यानेच. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाऊ याच जिल्ह्यातलं.

1938 च्या जानेवारीत त्याला स्वप्न पडलं. झकास आगगाडी आलीय, लहानथोर सगळे आत शिरायला धडपडतायत, आणि एक आवाज येतो: ही गाडी नरकात जाते. एप्रिलमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर मतदान झालं. गावात ‘नाही’ म्हणणारा तो एकटा. वर कळवलं गेलं ते मात्र ‘शंभर टक्के होकार’!

1940-41 मध्ये तो सैन्यात जाऊन आला होता. तिथे जे पाहिलं, त्यानंतर ठरलं: पुन्हा जायचं नाही.

आता विरोध कुणाकुणाचा होता ते बघा. सरकारचा तर होताच. पण आई रडली, शेजाऱ्यांनी समजावलं, आणि खुद्द लिंट्झचे बिशप म्हणाले, हा निवाडा करणं तुझं काम नाही, तू घरच्यांचं बघ. ज्या चर्चची घंटा तो वाजवायचा, तेच त्याच्या पाठीशी नव्हतं. मला यातलं सगळ्यात जड हेच वाटतं.

1 मार्च 1943. एन्सच्या लष्करी छावणीत हजर होऊन त्याने सांगितलं, मी लढणार नाही. जखमींची सेवा करायला तयार होता. ते नाकारलं गेलं. फ्रान्झिस्कानेही आधी विनवलं होतं. मग तीही थांबली. आपणही साथ सोडली तर याला उरणार कोण?

6 जुलैला बर्लिनमध्ये सुनावली गेली ती फाशीपेक्षाही थंड शिक्षा: गिलोटिन, म्हणजे यंत्राने शिरच्छेद. 9 ऑगस्टला ब्रांडेनबुर्गमध्ये अंमल. वय 36.

गावाने बोल लावला तो बायकोला. विधवा म्हणून पेन्शन मिळायला 1950 उजाडलं. शिक्षा रद्द व्हायला 1997.

(दृश्य: लिंट्झचं कॅथेड्रल, 26 ऑक्टोबर 2007)

फ्रान्झला ‘धन्य’ घोषित करतायत, म्हणजे कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी. पुढे 94 वर्षांची फ्रान्झिस्का. नवऱ्याचे अवशेष ठेवलेलं पात्र ती हातात घेते, आणि वाकून त्याचा मुका घेते.