दोर कुठे बांधायचा?

[गवताची धावपट्टी. जमिनीवर वीस-पंचवीस मीटरचा दोर पसरलेला.]

दोराच्या त्या टोकाला के-८ या जर्मन ग्लायडरची प्रतिकृती. मूळ ग्लायडरचे पंख १५ मीटरचे, या प्रतिकृतीचे ५. इंजिन नाही. या टोकाला पेट्रोलवर चालणारं टग, म्हणजे त्याला ओढून वर नेणारं विमान. दोन्ही रिमोटवर उडतात, आणि दोन रिमोट दोघांच्या हातात.

विमानामागे ग्लायडर बांधून वर न्यायची ही रीत १९२७ मध्ये जर्मनीत, कासेलला सुरू झाली. आपल्याकडे हडपसरला ग्लायडर विंचने वर जातात: जमिनीवरचं यंत्र दोर गुंडाळतं, ग्लायडर धावपट्टीवरच उंच चढतं. टग मात्र ग्लायडरला उचलून धरणारी गरम हवा जिथून वर उठते आहे तिथपर्यंत नेऊन सोडतं.

टग तयार करायचं म्हटलं की नवा माणूस आधी इंजिन विचारतो. ५० सीसी की ६०? ताकद लागतेच, मोठा, कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरकी असलेला प्रॉपेलरही लागतो, कारण इथे वेगापेक्षा ओढ महत्त्वाची. पण जुन्या माणसाची नजर आधी हुककडे जाते.

[क्लोज-अप : टगची पाठ, पंखांच्या मागच्या कडेजवळ.]

खऱ्या टगचा हुक शेपटीला असतो. मॉडेलमध्ये तो बहुतेक वेळा इथे, गुरुत्वमध्याजवळ बसवतात. ग्लायडर फार वर चढलं की दोर टगला मागून वर उचलतो. दोर शेपटीला असेल तर ती लांब तरफ होते. टगचं नाक खाली जातं आणि एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी, पूर्ण ओढूनही सावरत नाही. तोच दोर इथे बांधला की तरफ आखूड होते, टग ताब्यात राहतं.

हुक तसा साधा. नळीत सरकणारी स्टीलची पिन, पिनमध्ये दोराचा फासा, पिन मागे ओढणारा सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर. सैल दोर कुठलाही सर्व्हो सोडेल. म्हणून एकाने टग घट्ट धरायचं, दुसऱ्याने जोर लावून दोर ताणायचा, आणि तसाच ताणलेला असताना रिमोटवरून सोडून पाहायचा. फासा अडकला, तर त्या दिवशी उड्डाण नाही. यात सवलत नको. ग्लायडरच्या नाकातही असाच हुक असतो, आणि दोरात मुद्दाम एक कच्चा धागा. हुक अडकलेच तर तो तुटावा म्हणून.

[दोन्ही वैमानिक शेजारी शेजारी उभे.]

“दोर ताणला?”

“ताणला. चल.”

ग्लायडर आधी उचललं जातं, पण टग जमीन सोडेपर्यंत त्याने खालीच राहायचं. पंख गवताला टेकला, तर क्षणात दोर सोडायचा. वर गेल्यावर वळणं रुंद, हळुवार.

“सोडतोय!”

ग्लायडर एकीकडे वळतं, टग दुसरीकडे. दोर मात्र अजून टगलाच लोंबतो आहे. खालून आलं तर कुंपणात अडकेल. म्हणून टग उंचावरून आणायचं, दोर धावपट्टीवर टाकायचा, आणि पुन्हा फेरी मारून उतरायचं.

[कुणीतरी धावत जाऊन दोर उचलतं. पुढचं ग्लायडर गवतावर आणलं जातं.]