फूल, पुठ्ठा आणि खिडकी

नमस्कार श्रोतेहो. पावसानं जरा उसंत घेतली की रविवारी बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. कातळावर सीतेची आसवं, कडेला तेरडा, सोनकी. आणि जो तो मोबाइल फुलात खुपसून ओणवा झालेला. घरी येऊन बघावं तर फोटोत गवत छान आलंय, मागची गाडी छान आलीय, फूल तेवढं धुरकट.

याचं कारण हात हलला एवढंच नसतं. जवळून फोटो काढताना स्पष्टतेचं अंथरूण फार आखूड असतं. फूल सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, त्याच्या खऱ्या आकाराएवढं उमटवायचं, म्हणजे ज्याला वन-टू-वन म्हणतात तसं, तर फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर एफ ११ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक बारीक) जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. एफ २.८ ला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. निम्म्या आकारावर समाधान मानलं तर एफ ११ ला चार मिलिमीटरच्या आसपास मिळतात. आता जास्वंदीचा मधला दांडा आठवा. बोटभर लांब, टोकाला पाच लाल टिंबं. समोरून फोटो काढलात तर टिंबं स्पष्ट येतील किंवा पाकळ्या. दोन्ही नाही. तेच बाजूनं काढा. अख्खा दांडा अंथरुणात मावतो.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा. फुलाचा जो भाग दाखवायचा, तो आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर हवी. मोबाइल असो की मोठा कॅमेरा, तो भाग आणि पाठ समांतर. आधी काय दाखवायचं ते ठरवायचं, मग कॅमेरा उचलायचा.

हे ज्याला पक्कं कळलं होतं त्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी, आणि बेळगावकरांना तर मुद्दाम सांगायला हवी, कारण त्याची सुरुवात फौंड्रीत झाली. कार्ल ब्लॉसफेल्ट त्याचं नाव. जर्मनीत हार्ट्‌झ डोंगरांच्या मुलखात १८६५ साली जन्मलेला. पोरवयात तो कलात्मक ओतकाम करणाऱ्या लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत ज्यांची हयात साच्याच्या वाळूत गेली, त्यांना सांगायला नको तिथं नजर कशी तयार होते ते. उंचवटा कुठं, खोलगट कुठं, धार कुठं संपते, हे हाताला कळतं. पुढं तो बर्लिनला शिकला, मग रोमला एका चित्रकला-शिक्षकाच्या हाताखाली झाडापानांचे नमुने गोळा करायला गेला, आणि १८९८ पासून बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायला लागला.

विद्यार्थ्यांना जाळी, कठडे, नक्षी यांची रेखाटनं शिकवायची होती. त्याचं म्हणणं, नक्षी शिकायची तर झाडाकडून शिका. पण कोंब पडला नखाएवढा. वर्गातल्या सगळ्यांना दिसणार कसा? म्हणून त्यानं फोटो काढायला घेतले. छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण नाही. कॅमेरा घरी बनवलेला, काचेच्या प्लेटा वापरणारा, मूळ वस्तू तीसपटीपर्यंत मोठी दाखवू शकणारा. मागं साधा कोरा पुठ्ठा, पांढरा, राखाडी नाहीतर काळा. उजेड मऊ, कडक सावली पडू न देणारा. बस. एवढ्याच सामानावर माणूस तीसेक वर्षं तेच काम करत राहिला.

आणि काढलं काय? दुकानातले गुलाब नाहीत. रस्त्याकडेचं तण, नेच्याची गुंडाळलेली कोवळी पानं, भोपळ्याच्या वेलाचे वेटोळे घातलेले ताणे. लागलं तर कात्रीनं जादा पानं छाटून टाकायचा, म्हणजे आकार मोकळा दिसे. हे फोटो कला आहेत असं त्याच्या मनातही नव्हतं. वर्गात लावायचे तक्ते होते ते. १९२६ साली बर्लिनच्या एका गॅलरीवाल्यानं ते प्रदर्शनात लावले, १९२८ साली पुस्तक निघालं आणि ६३ वर्षांचा हा मास्तर एकदम प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी तो गेला. आजही ते फोटो बघताना भोपळ्याचा ताणा लोखंडी फाटकावरचा वाटतो. (सकाळी उठल्यापासून ‘सुप्रभात’ लिहिलेले भडक गुलाब पाठवणाऱ्यांनी एकदा परसातला भोपळा बघावा, इतकंच.)

हीच मांडणी घरी करा. ऊन थेट न येणारी खिडकी निवडा. उत्तरेची असली तर उत्तम. फूल खिडकीपासून हातभर आत, कपड्याच्या चिमट्यानं काडीला धरलेलं, काडी ओल्या वाळूच्या बाटलीत. पंखा बंद. मागं दीड-दोन फुटांवर काळा किंवा राखाडी पुठ्ठा. चिकटून ठेवलात तर त्याचे रेषे फोटोत येतात. खिडकीच्या विरुद्ध बाजूला वीतभर अंतरावर पांढरा कागद उभा करा, सावली उजळते. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ ११, दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही, फूल हलत नाही तोवर. एफ १६ च्या पुढं मात्र जाऊ नका. वन-टू-वनवर एफ ११ हा प्रत्यक्षात एफ २२ सारखा वागतो आणि भोक फारच बारीक झालं की सगळंच मऊ पडतं.

मॅक्रो, म्हणजे जवळून फोटो काढायची खास, लेन्सच हवी असं नाही. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समागं पंचवीस मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की निम्मा आकार मिळतो, पन्नासची लावली की पूर्ण. त्यात काच नसते, नुसती पोकळ नळी, म्हणून स्वस्त पडते. उजेड मात्र कमी होतो, आणि दूरचं काही दिसत नाही.

लाल जास्वंद, लाल तेरडा काढताना एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, अर्ध्या ते पाऊण स्टॉपनं कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नाहीतर लाल रंग फुटतो आणि पाकळीच्या शिरा नाहीशा होतात. पांढऱ्या फुलाचं उलटसुलट असतं. मोगऱ्यानं चौकट भरली असेल तर कॅमेरा त्याला करडा करतो, तिथं एक स्टॉप वाढवा. मागं काळोख असेल तर तोच मोगरा जळतो, म्हणजे नुसता पांढराफटक पडतो, तिथं एक स्टॉप कमी.

बाहेर गेलात की वारा आला. आपल्याकडं पावसाळ्यात दुपारचा वारा कुणाचं ऐकत नाही. सकाळी आठच्या आत काम उरका. वाऱ्याच्या बाजूला काळी छत्री उघडी ठेवा. आडोसाही होतो, आणि जागा साधली तर मागचा पडदाही. शटर १/२५० पेक्षा हळू नको. फोकसची रिंग फिरवत बसू नका. फोकस कुलूपबंद करून स्वतः केसभर पुढं-मागं व्हा आणि आठ-दहा फोटो सलग काढा. एखादा बरोबर बसतो. मोबाइलवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी थांबतात. मॅक्रो मोडमध्ये फोन दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो आणि त्याची स्वतःची सावली फुलावर पडते. त्यापेक्षा तो मोड बंद करून वीतभर मागं या आणि दुप्पट झूम वापरा.

कुंपणावर कळलावी दिसली तर घाई नको. तिच्या पाकळ्या मागं उलटलेल्या, पुंकेसर बाहेर पसरलेले, आणि मधला तंतू काटकोनात एका बाजूला वळलेला. तो तंतू ज्या बाजूला आहे तिथून, खाली बसून काढा. नंतर हात धुवा. झाड सगळंच विषारी, कंद सर्वांत जास्त.

फुलावर बाटलीनं पाणी फवारून खोटं दव पाडणाऱ्यांचं समजू शकतं, पण त्यात ग्लिसरीन मिसळणाऱ्यांना कातळावर येऊ देऊ नये. सीतेची आसवं दोन इंचांची. एका फोटोपायी गुडघ्याखाली शंभर चिरडतात. पायवाटेच्या कडेचंच फूल निवडा.

आणि घरी आल्यावर कॅमेरा तसाच बॅगेत कोंबू नका. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, ती पुसून जात नाही. पुसून, कोरडा करून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. तांदूळ नको, त्याची पूड आत जाते. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या पत्र्याच्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्या, आणि ते भांडं स्वयंपाकाला परत वापरू नका.