जुनी आउटबोर्ड मोटर: आधी ठिणगी, मग पेट्रोल

मंडळी, आज बोलायचंय ते 1950 ते 1963 या काळातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या दोन सिलिंडरांच्या आउटबोर्ड मोटरींबद्दल, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला बाहेरून टांगायच्या पेट्रोल इंजिनांबद्दल. ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत या धंद्याला सुरुवात केली आणि 1936 पासून ही दोन्ही नावं एकाच छत्राखाली आली. म्हणून झाकणावरचं नाव वेगळं असलं, तरी एकाच वर्षाच्या, एकाच ताकदीच्या मोटरींचे आतले भाग बहुतेक सारखेच निघतात. विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे अशा मोटरी आजही गॅरेजांत लटकलेल्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा झिजून नव्हे, नुसत्या पडून राहून बंद पडलेल्या असतात.

मोटर हाती आली की लगेच दोरी ओढून बघाविशी वाटते. तेवढं टाळा. वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फ्लायव्हील (मोटरीच्या डोक्यावरचं जड चाक) हातानं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. मोकळं फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा: तो 10 टक्क्यांच्या वर गेला, तर रिंग चिकटलेली आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय असं समजा.

आता ठिणगी. नव्वद टक्के लोक आधी कार्बुरेटर उघडतात आणि तिथेच दिवस घालवतात. जाड ठिणगी नसेल, तर कार्बुरेटर कितीही साफ असून उपयोग काय? प्लगच्या वायरपुढे पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर फट ठेवा. निळी, कडक आवाजाची ठिणगी ती ओलांडायला हवी. नसेल, तर फ्लायव्हील उतरवा. हबमध्ये आट्यांची तीन भोकं असतात, पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) तिथेच बसतो. कडेला तीन पायांचा पुलर लावून ओढलं, तर फ्लायव्हील वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही.

खाली दोन कॉइल, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, दिसतील. त्या काळच्या कॉइलचं वरचं आवरण वयानं तडकतं. बोटाच्या नखानं चाचपा. तडा नखाला लागला तरी कॉइल बदला, ठिणगी येत असली तरीही. अशी कॉइल थंड असताना काम करते आणि दहा मिनिटांत तापली की सोडून देते, बहुधा तळ्याच्या मधोमध. नवी बसवताना तिच्या लोखंडी टाचा प्लेटवरच्या घासून काढलेल्या उंचवट्यांशी अगदी सारख्या पातळीत आणा. बाहेर आल्या तर फ्लायव्हीलच्या चुंबकांना घासतील, आत राहिल्या तर ठिणगी मंद पडेल.

कॉइलशेजारचे पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे छोटे स्विच; त्यांची फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्यांना उघडणाऱ्या कॅमवर ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर हवी, आणि फट मोजताना पॉइंटाचा घासणारा ठोकळा शाफ्टच्या चावीसमोर (फ्लायव्हील जागेवर धरणाऱ्या धातूच्या तुकड्यासमोर) हवा. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांची सुटते. फीलर गेजवरचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीवरचं तेल पॉइंटांवर लागतं आणि ठिणगी गायब होते, मग माणूस नवीकोरी कॉइल पुन्हा उतरवतो. कोरा, जाड कागद अॅसिटोनमध्ये बुडवून मिटलेल्या पॉइंटांतून ओढा. काळा पट्टा उमटायचा थांबेपर्यंत ओढत राहा. पॉलिश पेपर मात्र वापरू नका, त्याची धूळ तिथेच रुतते. फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि हबचं भोक पूर्ण कोरडं ठेवा. तिथे ग्रीस लावलं, तर फ्लायव्हील सरकून चावी तुटू शकते. प्लग जे-6-सी, फट 0.030 इंच.

पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण या मोटरींना 24 ला 1: दहा लिटरला साधारण 415 मिलिलिटर टीसी-डब्ल्यू-3 (होडीच्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं) तेल. 50 ला 1 हे प्रमाण 1964 पासूनच्या मोटरींचं. जुन्या मोटरीला ते दिलं तर बेअरिंग जळतात. काटकसर करायची ही जागा नव्हे. पन्नाशीच्या बऱ्याच मोटरींची टाकी दोन नळ्यांची असते: एका नळीनं मोटर टाकीत हवेचा दाब भरते, दुसरीनं पेट्रोल वर येतं. जुन्या नळ्या दाबाखाली गळू लागल्या तर आग लागायला वेळ लागत नाही, म्हणून त्या न बघता बदला.

कार्बुरेटरचा तरंगणारा बुचाचा तुकडा शेलॅक (लाखेचं वॉर्निश) लावलेला असतो. अमेरिकेत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल येतं, भारतात वीसपर्यंत. ते शेलॅक विरघळवतं, बूच पेट्रोल पितं, बुडतं आणि पेट्रोल ओसंडतं. जमेल तिथे इथेनॉलविरहित पेट्रोल वापरा. कार्बुरेटरला पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या दोन सुया असतील, तर मंद गतीची दीड फेरी आणि वेगाची पाऊण फेरी उघडून सुरुवात करा. जुळवणी मात्र पाण्यात, गिअर टाकून: आधी पूर्ण वेगाची, मग मंद गतीची, दर वेळी आठवा हिस्सा फेरी आणि मग पंधरा सेकंद थांबून. मोटर कार्बुरेटरमधून शिंकू लागली, तर पेट्रोल कमी पडतंय.

पाण्याचा पंप रबरी पात्यांचा. वय माहीत नसेल, तर तो बदलाच. या मोटरींना पाण्याची बारीक धार मारणारी नळी नसते. पायाच्या, म्हणजे मोटरीच्या पाण्यात उतरणाऱ्या खालच्या भागाच्या, मागच्या भोकांतून धुरासोबत पाण्याचे तुषार यायला हवेत. हेडवर हात ठेवून पाहा. कोमट असावं, चटका बसता कामा नये.

गिअरचं तेल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईस्तोवर भरा, मग आधी वरचा स्क्रू लावा. पंख्याच्या पिनेच्या जागी खिळा घालू नका. पिन तुटते म्हणून गिअर वाचतात. हंगाम संपला की खालचा स्क्रू सैल करा. दुधाळ तेल आलं तर सील गेलंय. ते पाणी आत राहू दिलं, तर थंडीत गोठून कवच फोडतं. मोटर उभीच ठेवा, म्हणजे पायातलं पाणी निथळून जाईल.