याकोबाची विहीर

मित्रहो,

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं : टोपीवाला गोरा साहेब, हातात पुस्तक, भोवती जमलेलं गाव. माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरातला. सत्तरी ओलांडली, तरी मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, वाढलेल्या मला हे चित्र कधी पटलं नाही. साहेब आले, त्यांनी कष्ट केले, कित्येकांची हाडं याच मातीत पडली. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये नाशिककडच्या फिरतीवर पटकीनं गेले. तेरा वर्षांच्या त्या खटपटीत त्यांच्या हाती लागलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. माणूस प्रामाणिक होता, मराठीही शिकला होता. मग गाडं कुठं अडलं? माझ्या मते, सांगणारा ऐकणाऱ्यांतला नव्हता, तिथं अडलं.

ही अडचण सर्वांत आधी ज्याला नीट कळली, तोही परदेशीच होता. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात आले. तिथल्याच साष्टीत त्यांची हयात गेली. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी ग्रंथाच्या आरंभी त्यांनीच एक प्रसंग घातला आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्यांना विचारतो : आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. धर्म बदलला तरी संध्याकाळी चार माणसांत बसून ओवी ऐकायची भूक काही बदलत नाही. स्टीफन्सनी ती भूक ओळखली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सगळी कथा त्यांनी ओवीत बसवली आणि मराठीला फुलांतली मोगरी म्हटलं. 1616 मध्ये राचोलला ग्रंथ छापला गेला, तोही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तिथं नव्हते.

पण त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग विसरून चालणार नाही. पुराणं बंद केली होती, देवळं पाडली होती, 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं होतं. 1684 मध्ये तर पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडावी आणि पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेला एकानं मोगरी म्हटलं, तिची बहीण त्याच राज्यात तोंडातून काढून टाकायची! ख्रिस्ती म्हणून मला या इतिहासाची लाज वाटते आणि ते मी इथं मोकळेपणानं सांगतो. सत्तेच्या धाकानं नावं बदलता येतात, पण ओवी काही धाकानं ओठांवर येत नाही.

आता आपल्या नगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशननं इथं 1831 मध्ये ठाणं मांडलं. शाळा काढल्या, त्यांत मुलींच्याही शाळा होत्या. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. पुढं जी माणसं मंडळीत आली, ती बहुतेक महार आणि मांग समाजातली होती. दुष्काळात धान्यासाठी आली, असं म्हणून लोक मोकळे होतात. भुकेला माणूस भाकरी घेतोच, त्यात त्याला कमी लेखण्यासारखं काही नाही. पण दुष्काळ सरल्यावरही ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या का राहिली, याचं उत्तर धान्यात सापडत नाही.

कवी नारायण वामन टिळकांनी त्यातलं अर्धं उत्तर दिलं. 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबलातला नवा करार दिला आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. नगरच्या मंडळीला त्यांनी भजनं दिली, कीर्तन रंगवलं. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली गीतं म्हणणारी आमची माणसं टाळ घेऊन गाऊ लागली. शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरीही सोडली. ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांना मिशनच्या पगाराबाहेर उभारायचा होता.

उरलेलं अर्धं उत्तर माझ्या आजीकडे होतं. ती बायबलबाई होती. हे पद आता फारसं कुणाला ठाऊक नाही. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात नवा करार आणि चष्मा, पायांत तुटक्या वहाणा. नेवाशाकडच्या गावांतून ती बायकांना शुभवर्तमान सांगत फिरायची. कंदील धरायला मी असायचो, सात-आठ वर्षांचा.

एका संध्याकाळी ती योहानाच्या शुभवर्तमानातली, याकोबाच्या विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगत होती. हीच गोष्ट आमच्या पाळकसाहेबांच्या उपदेशात मी ऐकली होती. तिथं सगळं जिवंत पाण्याबद्दल, आत्म्याबद्दल होतं. आजीनं सुरुवातच निराळी केली. “भर दुपारी एकटीच पाण्याला आली,” ती म्हणाली, “दुपारी का गं?” कुणी उत्तर दिलं नाही. समोर बसलेल्या बायका गावच्या विहिरीपासून लांब घागरी ठेवून, कुणी वरून ओतेल म्हणून तासन्‌तास थांबणाऱ्या होत्या. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन गेला होता, विहीर होती तशीच होती. मग आजी म्हणाली, “अन् त्यो तिला म्हनला, मला प्यायला दे.”

एक म्हातारी पुढं सरकली. “तिच्या हातचं?”

“तिच्याच हातचं.”

“तिच्याच भांड्यातलं?”

आजीनं पुस्तक कंदिलापाशी नेलं, बोट ठेवलं आणि वाचलं : यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नव्हते. “ती बी हेच म्हनली त्याला,” आजी म्हणाली, “तू माझ्याकडं पानी कसं मागतोस?”

आजीला ग्रीक येत नव्हतं, धर्मशास्त्राची पदवी नव्हती. मिशन तिला नाममात्र पगार द्यायचं. तालुक्याच्या एका चर्चमध्ये तर वरच्या जातीतून आलेल्या कुटुंबांच्या चटईवर तिला बसू दिलं नव्हतं, आणि हे तिनं मला फार उशिरा, मी कॉलेजात असताना सांगितलं. मंडळीच्या इतिहासात मिशनऱ्यांची नावं आहेत, फोटो आहेत. बायबलबायांचा उल्लेख असलाच, तर वर्षाच्या अहवालात आकडा म्हणून येतो : अमुक इतक्या बाया, अमुक इतकी गावं. त्यांची नावं गोळा करायला हवीत. ज्यांच्या घरात अशी आजी, पणजी होती, त्यांनी आज जाताना मागच्या टेबलावरच्या वहीत तिचं नाव आणि गाव लिहून जावं, म्हणून ही वही ठेवली आहे.

त्या रात्री परत निघालो, तेव्हा ती म्हातारी वेशीपर्यंत आमच्याबरोबर आली. तिनं आजीला एकच विचारलं : “मग तिनं दिलं का त्याला पानी?”

आजीनं कंदील माझ्या हातातून घेतला, पुस्तक पुन्हा उघडलं आणि तिथंच, रस्त्यात उभी राहून शोधत राहिली. योहानानं ते लिहिलेलंच नाही.