उजेडाकडे तोंड करून: पाणपक्ष्यांचे बॅकलाइट फोटो

(पडद्यावर: पहाट. उथळ पाण्यात बगळा, मागे झाडांच्या सावलीतला काठ.)

सूर्य बगळ्याच्या मागे आहे. पंख मिटलेले असेपर्यंत तो नुसता करडा दिसतो. आता त्याने पंख उघडले. पिसांचा पातळ भाग उजेड आरपार सोडतो, म्हणून उजळतो. जिथे पिसं एकमेकांवर चढली आहेत, तिथे गडद पट्टे उमटतात. विणीच्या हंगामात पाठीवर येणारी तंतूंसारखी पिसं तर एकेक सुटी दिसतात.

हे सारं दिसतंय ते मागचा काठ सावलीत आहे म्हणून. याच बगळ्याच्या मागे उजळ आकाश आलं, तर पिसांभोवती उजळलेली सोनेरी कड आकाशात विरून जाईल आणि उरेल फक्त काळी छायाकृती. फोटो दोन्ही उत्तम होतात, पण अर्धी कड आणि अर्धी छाया असं जमत नाही. म्हणून आधी पक्ष्याच्या मागे बघायचं, मग पक्ष्याकडे.

वेळ सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा अर्धा-पाऊण तास. सूर्य वर चढला की उजेड पाठीवर पडतो, पंखांतून येत नाही.

(पडद्यावर: पाण्यावरचा चमचमता पट्टा, त्याच्या शेजारी शेकाट्या.)

पाण्यावरचा हा चमचमता पट्टा नेहमी आपल्यापासून सूर्याच्या दिशेने जातो. आपण दोन पावलं डावीकडे सरकलो की तोही दोन पावलं डावीकडे सरकतो. शेकाट्या पट्ट्याच्या बाहेर असेल, तर तो येईल म्हणून ताटकळू नका, तुम्ही सरका. कॅमेऱ्याची उंचीही इथे महत्त्वाची. जमिनीलगत झोपून फोटो काढला की पक्ष्याच्या डोक्यामागे पलीकडचा काठ येतो आणि काळं डोकं काळ्या काठात बुडतं. अशा वेळी गुडघ्यांवर उठा, म्हणजे चोचीपासून पायांपर्यंत सगळा पक्षी चमकत्या पाण्यावर येईल. कड उजळवायची असेल तेव्हा नेमकं उलटं: खाली झोपा आणि तोच काळा काठ मागे घ्या.

सरकताना पक्ष्यावर लक्ष हवं. चरणं थांबवून त्याने मान ताठ केली, तर तिथेच थांबा. उडवलेला पक्षी आकाराने बिघडतो, दिशेने पाठमोरा होतो, आणि त्याचं चरणं मोडतं ते वेगळंच.

आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यातून, लांब लेन्सने सूर्याकडे कधीही बघू नका. डोळ्याला कायमची इजा होते. सूर्य चौकटीच्या थोडा बाहेर ठेवा. लेन्सला हूड (बाजूचा उजेड अडवणारं नळकांडं) लावा, पुढचा संरक्षक फिल्टर काढा. तो राहिला तर सूर्याची हिरवट प्रतिबिंबं फोटोत उतरतात. समोरच्या काचेवर बोटाचा ठसा असेल, तर सगळ्या चौकटीवर दुधाळ पडदा येतो.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. गडद काठासमोर कॅमेरा फसतो: त्याला अंधार दिसतो आणि तो चित्र उजळवतो, मग कड पांढरीफटक होते. दीड ते अडीच स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). छायाकृतीसाठी सूर्य वगळून त्याच्या शेजारच्या आकाशावर मोजमाप घ्या आणि मॅन्युअल मोडमध्ये तेच कायम ठेवा. शटरचा वेग उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंद, उडणारे थेंब गोठवायला १/२५०० किंवा त्याहून जलद. पाण्यावरच्या चमकेचे मऊ गोल हवे असतील, तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं. बंद करत गेलात की त्या गोलांना कोपरे येतात.

हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघताना लाल रंगाचा आलेख वेगळा बघा. सोनेरी उजेडात लाल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे टोकाला जाऊन त्यातला तपशील हरवतो, एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही. मग नारिंगी आकाशात सपाट पिवळा डाग येतो आणि तो नंतर निघत नाही. सूर्याची चकती आणि पाण्यावरच्या ठिणग्या मात्र फुटल्या तरी चालतं.

फोकस चमकत्या पाण्यावर घसरतो. एकच बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या अंगावर नको, काळं-उजळ जिथे भेटतं त्या कडेवर ठेवा: मानेवर किंवा चोचीच्या मुळाशी.

(पडद्यावर: संगणकावर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.)

ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग आपोआप जुळवणं) पहाटेचं सोनं धुऊन टाकतो. ५५०० केल्व्हिनपासून सुरुवात करा. ६५०० ते ७५००पर्यंत ऊब वाढते, त्यापुढे बगळा पितळी दिसू लागतो. छायाकृतीत काळा बिंदू (सगळ्यात गडद भागाची पातळी) खाली ओढा. सावल्या उचलायचा मोह टाळा. तिथून फक्त करडा धुरकटपणा आणि नॉइज (दाणेदार ठिपके) वर येतो, आणि आकार दुबळा पडतो.

क्लॅरिटी आणि डीहेझ (कॉन्ट्रास्ट वाढवणारे स्लायडर) बेताने. जास्त झालं की काळ्या मानेभोवती उजळ वलय येतं, जणू पक्षी कापून चिकटवलाय. गडद-उजळ कडांवर लेन्समुळे येणारी जांभळी झालर काढताना १०० टक्के मोठं करून बघा. स्लायडर फार गेला तर कडेचा खरा रंगही पुसला जातो. कड उजळवायचीच असेल, तर मऊ ब्रशने तेवढ्याच रेषेवर पाव ते अर्धा स्टॉप द्या. आपोआप पक्षी निवडणारा मास्क पिसांच्या टोकांवर हमखास चुकतो, तो हाताने दुरुस्त करा.

आकाशाचा रंग सॅच्युरेशनने (रंगाची तीव्रता वाढवून) फुगवू नका. काम १६ बिटमध्ये करा, त्यात रंगाच्या छटांच्या पायऱ्या जास्त असतात. ८ बिटमध्ये सलग आकाशाचे पट्टे पडतात. पडलेच तर थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) घाला.

(पडद्यावर: सूर्य बुडालेला. खुंटावर पाणकावळा.)

सूर्य बुडाल्यावरही आकाशात रंग आहे आणि पाणकावळा खुंटावर निश्चल बसलाय. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६००, शटर १/२५० सेकंद, कॅमेरा तिपाईवर. मान एका बाजूला वळून चोचीचा आकडा आकाशावर स्पष्ट दिसेपर्यंत थांबा.

वळली.