ओट्यावरचा वर्ग : शिक्षकांसाठी झोरा नील हर्स्टन

श्रोतेहो, नमस्कार.

फ्लोरिडात ओरलँडोच्या उत्तरेला ईटनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. कृष्णवर्णीयांनी १८८७ साली इथे स्वतःची नगरपालिका स्थापन केली. लेखिका आणि लोककथांच्या संग्राहक झोरा नील हर्स्टन याच गावात वाढल्या. त्यांच्यावर इथे शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी कार्यशाळा झाल्या आहेत. अशी कार्यशाळा आखायची कशी, ते आज पाहू.

सुरुवात थडग्यापासून करावी. फ्लोरिडातल्याच फोर्ट पिअर्स गावात हर्स्टन कसलीही खूण नसलेल्या जागी पुरल्या गेल्या होत्या. १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकर यांनी ती जागा शोधून दगड बसवला. त्यावर जन्मसाल आहे १९०१. शिक्षकांच्या हाती आधी या दगडाचा फोटो द्या, मग १९०० च्या जनगणनेचं पान. त्यात झोरा आहेच! वीस मिनिटं गटांना डोकं खाजवू द्या. उत्तर असं, की जन्म १८९१ चा, तोही अलाबामातला. १९१७ मध्ये बाल्टिमोरला फुकट शाळाप्रवेश मिळावा म्हणून त्यांनी वयातून दहा वर्षं कमी केली. आत्मचरित्रात मात्र जन्मगाव ईटनव्हिलच. मार्गदर्शकाला हे आधीच सांगून टाकायचा मोह होतो, आणि सगळा तास तिथेच पडतो.

खरी अडचण हर्स्टन यांनी लिहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीची. १९३७ च्या ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ या त्यांच्या कादंबरीत इंग्रजी ‘आय’च्या (म्हणजे ‘मी’च्या) जागी ‘आह’ लिहिलंय. मनात वाचलं की मुलं दर ओळीला अडखळतात. मोठ्यानं वाचलं की तीच ओळ सुटते. पण शिक्षक सोंग आणून हेल काढायला लागला, की वर्गात हशा पिकतो आणि बोलीची थट्टा होते. म्हणून आपल्या नेहमीच्या आवाजात, सावकाश वाचावं. त्याआधी हर्स्टन यांचं १९३९ चं ध्वनिमुद्रण ऐकवावं. रेल्वेचे रूळ पहारींनी सरकवताना मजूर म्हणत ती गाणी त्या स्वतः गातात. गाणं शिकता कसं, या प्रश्नावर त्या सांगतात, की घोळक्यात बसायचं, ऐकायचं, हळूहळू सूर मिसळायचा आणि पाठ होईपर्यंत म्हणत राहायचं. जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

गावातली फेरी सकाळीच उरकावी, कारण जुलैत तिथे दुपारी हटकून वादळी पाऊस येतो. जो क्लार्क यांच्या दुकानाचा ओटा, जिथे गावकरी थापा मारत बसायचे, आता उरलेला नाही. तेव्हा पाहायला काय आहे असं विचारणाऱ्यांना तिथेच एक पान वाचायला लावा.

कादंबरीत येणाऱ्या १९२८ च्या चक्रीवादळासाठी मात्र अख्खा दिवस काढा. ओकीचोबी सरोवराचा मातीचा बांध फुटून किमान अडीच हजार माणसं गेली, बहुतेक कृष्णवर्णीय शेतमजूर. गोऱ्यांना शवपेट्या मिळाल्या. वेस्ट पाम बीचला ६७४ कृष्णवर्णीय एकाच खड्ड्यात पुरले गेले. कादंबरीतला गोऱ्यांची आणि काळ्यांची प्रेतं वेगळी निवडण्याचा प्रसंग त्या जागी उभं राहून वाचावा. दोनच पानं पुरतात. वाचून झाल्यावर लगेच चर्चा सुरू करू नये.