हुंकार देणारा गडी

मंडळी, आधी एक कबुली देतो. मी उत्स्फूर्त विनोद शिकवतो. मला बोलावताना लोक म्हणतात, "तुम्ही हजरजबाबी आहात, आमच्या पोरांना ते शिकवा." आणि मी वर्गात जाऊन पहिलं काम करतो ते पोरांचा हजरजबाबीपणा आवरण्याचं. खानदेशात त्याची टंचाई नाही. पानटपरीवर, पारावर, एसटीच्या मागच्या बाकावर, कुठेही उभे राहा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याची टोपी उडालेली असते.

माझीच एक फजिती सांगतो. आम्ही जळगावात उत्स्फूर्त विनोदाचा प्रयोग करत होतो. संहिता नाही, तालीम केलेले संवाद नाहीत. प्रेक्षकांना विचारायचं, काय पाहिजे? कोणीतरी मागून ओरडलं, "रावेरच्या केळीचा ट्रक!" झालं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, मी ड्रायव्हर, माझा जोडीदार क्लीनर. तो म्हणाला, "मामा, कन्नडच्या घाटात गाडी बंद पडली, आणि माल पिकायला लागला." किती सुंदर गोष्ट दिली होती त्याने! घाट दिला, अडचण दिली, वेळेचा धाक दिला, नातंसुद्धा दिलं. आणि मी काय म्हणालो? "कसली गाडी? ही तर मंडपवाल्याची खुर्ची आहे!"

हॉल कोसळला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा. हशा ओसरला आणि माझ्या लक्षात आलं की आता आमच्याकडे गाडी नाही, घाट नाही, केळी नाहीत. जोडीदार तोंड उघडं ठेवून उभा. पुढची चार मिनिटं आम्ही कशी काढली ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. शेवटी मी भरितावर एक जुना किस्सा मारून वेळ मारून नेली. रात्री शेवभाजीच्या ताटावर तो एवढंच म्हणाला, "माझा ट्रक मारलास तू."

त्याचं ऐकलं असतं तर? "पिकू दे, पण वास गेला बघ खाली." "मामा, माकडं यायला लागली." "मोज किती आहेत, मालकाला घड तेवढेच सांगू." बघा, यात एकही वाक्य टाळ्या घेणारं नाही. पण माणसं पुढे सरकून बसतात, कारण आता माकडांचं काय होणार हे त्यांना पाहायचंय. आणि आम्हालाही.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा कोणीतरी हुंकार द्यायचा, अशी अट होती. 'हूं' थांबला की आजी थांबायची. "जपी गया का रे?" म्हणजे झोपलास का रे? गोष्ट तिची, पण ती चालायची आमच्या हुंकारावर. तमाशात झीलकऱ्याचं, म्हणजे मागे उभं राहून साथीला गाणाऱ्याचं, तेच काम. मुख्य गायकाने ओळ सोडली की ती मागून उचलायची. बतावणीतल्या, म्हणजे वगाआधीच्या विनोदी संवादातल्या, सोंगाड्याला आपण डोक्यावर घेतो, पण त्याला "मग पुढं?" विचारणारा नसेल तर तो हवेत हातवारे करतोय. गौळणीत कृष्ण वाट अडवून दाण, म्हणजे जकात, मागतो. मावशीने "जा रे" म्हणून सरळ वाट धरली तर गौळण तिथेच संपली! ती भांडते, घासाघीस करते, पण अडवलंय हे मान्य करून. वगाची कथा ठरलेली असली तरी जुन्या फडांत संवाद बरेचदा उभ्या उभ्या रचले जायचे, ते याच बळावर. ही विद्या आपल्या अंगणातली आहे, फक्त आपण तिचं श्रेय सोंगाड्याच्या जिभेला देऊन बसलो.

तिकडे अमेरिकेत ही विद्या खेळांमधून शिकवायची पद्धत व्हायोला स्पोलिन या बाईंनी बसवली. शिकागोतल्या हल हाऊस या समाजसेवा केंद्रात त्या नेवा बॉइड यांच्याकडे खेळांचं शास्त्र शिकल्या. भोवती स्थलांतरितांची वस्ती, घरोघरी वेगळी भाषा. पुढे 1939 पासून सरकारी योजनेत काम करताना त्यांनी अशाच वस्त्यांतल्या मुलांसाठी नाटकाचे खेळ रचले. 1963 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने 1955 मध्ये 'कंपास' आणि 1959 मध्ये 'सेकंड सिटी' या नाटकमंडळ्या उभ्या करायला हात लावला, आणि आजचा इम्प्रोव्ह, म्हणजे हाच संहितेशिवायचा प्रयोग, तिथून फोफावला. कॅनडात कीथ जॉनस्टन यांनी 1977 च्या सुमारास दोन संघांत याच उत्स्फूर्त प्रयोगांचा सामना लावला, कल्पना घेतली कुस्तीच्या फडावरून. ती कुस्ती अर्थात नाटकी, पण दंगलीला गर्दी करणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं समजवावं लागू नये.

स्पोलिनबाईंचं मला जवळचं का वाटतं सांगतो. माझ्या वर्गात एक पोरगा घरी अहिराणी बोलतो, दुसरा लेवा बोली, तिसऱ्याची मराठी शाळेतली. सातपुड्याच्या पायथ्याची एक मुलगी होती, घरी पावरी. दोन महिने ती जवळजवळ बोललीच नाही. मग एकदा मी अर्थहीन भाषेचा खेळ दिला. तोंडाला येईल ते बडबडायचं आणि समोरच्याला वस्तू विकायची. सगळे बडबडले. ही मात्र गिऱ्हाईकाच्या पायांकडे बघत राहिली, मग खाली बसून त्याच्या टाचेचं माप घेतलं. त्याने आपसूक पाय पुढे केला. वर्ग खदखदून हसला. तिने विनोद केलाच नव्हता, फक्त त्याच्या फाटक्या चपलेकडे कोणी पाहिलं नव्हतं ते पाहिलं.

मोठा-लहान हा खेळही मी वगातूनच घेतो. राजा सिंहासनावर आणि शिपाई खाली. पण शिपाई शिंकला की राजा उठून पाणी देतो. जॉनस्टन यावर खूप शिकवत. आपल्या पोरांना दोन मिनिटांत कळतं, कारण घरात आत्या आली की बाबांचा आवाज किती खाली येतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

शिकवताना सर्वांत अडतात ते गावात 'लई इनोदी' म्हणून नाव असलेले. त्यांना 'हो' म्हणताना कमीपणा वाटतो. त्यांच्यासाठी माझ्याकडे बैलबाजार आहे. आपल्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घेतो, बोटं दाबून भाव सांगतो, चेहरा मात्र कोरा. वरून सगळे बघतात, कळत काही नाही. वर्गात मी तेच करतो, रुमालाखाली दोन हात आणि तोंड बंद. समोरच्याच्या बोटांवर लक्ष दिल्याशिवाय एक पैचा सौदा होत नाही. जो सारखा बोलून जिंकायचा त्याला पहिल्यांदा दरदरून घाम फुटतो. उन्हाळ्यात तर फुटायचाच, मेमध्ये आमच्या हॉलचा पंखाही गरम वारा फेकतो. पण हा घाम वेगळा असतो.

बरं, बोलून फार झालं. दोघे जण वर या. तुम्ही काका, आणि तिकडे मघापासून मान हलवणारी ताई, तुम्ही. काका, बैल तुमचा. ताई, तुम्हाला घ्यायचाय. भाव ठरेपर्यंत एक शब्द नाही. रुमाल मी घेऊन आलोय.